मधल्या जागेतला आवाज

त्या रविवारी मी घरातून निघाले ती घड्याळवाल्यांचे शर्ट पोचवायला. आधी शर्ट, मग सिनेमा. घालणारा आंधळा आणि इस्त्री करणारीही आंधळी, म्हणून कॉलर लोळत पडलेली चालेल असं मला कधी वाटलं नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात मी उभं आयुष्य इस्त्री केली. काचबिंदूनं डोळे नेले, हात नेले नाहीत. कापडाची उलटी बाजू सुलटी बाजू मला बोटांनी कळते, आणि इस्त्री तापली की नाही ते तिच्या वासावरून कळतं.

घड्याळवाले पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता तेही माझ्यासारखेच. शर्ट घेताना त्यांनी नेहमीसारखी चौकशी केली की डाग राहिलाय का कुठं, आणि मी नेहमीसारखं सांगितलं की राहिला असेल तर तुम्हालाही दिसणार नाही नि मलाही, मग भांडायचं कशाला. मग आम्ही दोघं काठ्या टेकत वाचनालयाच्या मागच्या छोट्या थिएटरात गेलो.

तिथं रविवारी दुपारी जुने हेरपट, म्हणजे हेरांचे सिनेमे, दाखवतात. दाखवतात म्हणजे आम्हाला सांगतात. आत गेलं की टेबलावरची बाई गळ्यात एक पेटी अडकवते, साबणाच्या वडीएवढी, आणि तिच्यातून आलेलं बटण एका कानात घालायचं. दुसरा कान सिनेमासाठी मोकळा. मागं काचेच्या खोलीत एक गृहस्थ बसतात आणि पडद्यावर जे दिसतं ते आमच्या कानात सांगतात. आम्ही त्यांना सांगणारे म्हणतो. पेटी थिएटरच्या चार भिंतींच्या आतच चालते. दाराबाहेर पाऊल टाकलं की नुसती खरखर, म्हणून जाताना सगळे ती टेबलावर ठेवून जातात.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी सांगणाऱ्यांना चांगलंच सुनावलं होतं. मधेच गप्प का होता हो, झोप लागते का? त्यांनी राग मानला नाही. शांतपणे समजावलं की पात्रं बोलत असली की आपण बोलायचं नाही, दोन बोलण्यांच्या मधे जी रिकामी जागा असते तिथंच काय ते सांगून घ्यायचं. माणसाचं नाव सिनेमानं सांगितल्याशिवाय आपण सांगायचं नाही. आणि दिसेल तेवढंच सांगायचं, घाबरा म्हणून सांगायचं नाही. मला ते पटलं. माझ्याशी लोक उलटं वागायचे. दिसतं ते सांगायचे नाहीत, आणि मी घाबरावं की रडावं ते मात्र सांगायचे.

त्यात पहिला नंबर माझ्या धाकट्या भावाचा. वाईट नाही तो. पण माझे डोळे गेल्यापासून माझ्याशी मोठ्यानं बोलतो, जसे काही कानच गेलेत. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या त्याला धोक्याच्या वाटायच्या. माझ्यासारख्यांना ठेवून घेणारं एक घर त्यानं बघून ठेवलं होतं. तिथं सगळं वेळेवर मिळतं म्हणे. मी विचारलं, इस्त्री मिळते का? तर म्हणाला, ताई, तिथं गरम वस्तूला हात लावू देत नाहीत. मग मला नको ते घर, म्हणून मी विषय मिटवला होता.

पण विषय मिटला नाही, कारण माझ्या खोल्यांमधे काहीतरी सुरू झालं.

खुर्ची सरकलेली असायची. फार नाही, वीतभर. डोळस माणसाच्या लक्षातही येणार नाही. मी मात्र रोज त्याच जागी वळते, आणि वळायच्या आधीच खुर्ची नडगीला लागायची. कधी कप टेबलाच्या भलत्या कडेला. कधी पावाची चवड हाताला हलकी लागायची. आणि रंगाचा वास जाईना. धाकट्यानंच एक रंगारी पाठवून दोन्ही खोल्या रंगवून घेतल्या होत्या. काम संपल्यावर तो रंगारी दारातून "येतो बाई" म्हणाला होता आणि दार आपटून गेला होता. त्यालाही बरेच दिवस झाले, तरी टर्पेंटाइनचा वास तसाच. कधी कपाटापाशी, कधी मोरीपाशी, मोरीवरच्या पोटमाळ्याखाली. भिंतीचा वास असा फिरतो का?

मी धाकट्याला सांगितलं की घरात कुणीतरी येतं. तो जवळ येऊन बसला. मग त्यानं माझा हात हातात घेतला. हात हातात घेतला तिथंच मला कळलं की माझी वाट लागली. चोर काहीतरी नेतो ताई, तो म्हणाला. खुर्ची वीतभर सरकवून कुणी जात नाही. वयाप्रमाणं विसर पडतो माणसाला.

मग मी हेरपटातलीच युक्ती केली. एका सिनेमात हेर बाहेर जाताना दाराच्या फटीत दोरा अडकवून जातो, सांगणाऱ्यांनी तो नीट सांगितला होता, कुठं, किती ताणून. मीही बाहेर जाताना दाराला गुडघ्याच्या उंचीवर शिवायचा दोरा बांधायला लागले. परत आल्यावर हात लावून बघायची. दोरा शाबूत. एकदाही तुटला नाही, सैलसुद्धा झाला नाही. आणि आत खुर्ची सरकलेली.

याचा अर्थ काय होतो ते मला कळत होतं. दारातून कुणी आलेलं नाही. म्हणजे खुर्ची मीच सरकवते आणि मीच विसरते. धाकटा बरोबर बोलतो.

हे मी कुणाला बोलले नाही. फक्त त्या रविवारी सिनेमा सुरू व्हायच्या आधी घड्याळवाल्यांना विचारलं की माणसाचं डोकं चालेनासं झालं तर त्याचं त्याला कळतं का. ते म्हणाले, "बाई, घड्याळ मागं पडलंय हे घड्याळाला कधीच कळत नाही. पण तुम्ही मला विचारलंत ना? मग तुमचं चालू आहे." तेवढ्यावर मी दोन तास काढले.

सिनेमा संपला तर धाकटा थिएटरच्या दारात उभा. त्या घरात एक जागा रिकामी झाली होती. उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. मी तिथंच त्याच्याशी भांडले, येणारे जाणारे ऐकत होते, तो "हळू बोल ना ताई" करत होता. शेवटी मी काठी आपटली आणि तशीच तरातरा घरी निघाले. रागाच्या भरात पेटी ठेवायची राहिली. गळ्यात तशीच, कानातलं बटण छातीवर लोंबतंय.

दाराला हात लावला. दोरा शाबूत.

रागात तो सोडलाही नाही, पाय उचलून ओलांडून आत गेले आणि खुर्ची नडगीला लागली.

मी त्याच खुर्चीत बसले. खिडकीतून ऊन येत होतं, गुडघ्यांवर ऊब लागत होती. दुपार अजून सरली नव्हती. खाली रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी एकटी असले की मोठ्यानं बोलते, जुनी सवय आहे. म्हणाले, "जिंकलास रे धाकट्या. उद्या ये आणि घेऊन जा. कपाट काढ, भांडी काढ, तो पोटमाळाही रिकामा कर. सगळं काढ." आणि गप्प झाले.

तेव्हा छातीवर काहीतरी कुजबुजलं.

मला वाटलं खरखर असेल. पण खरखरीला शब्द नसतात. मी बटण उचलून कानात घातलं.

"...खोली," आवाज म्हणाला. "दुपार. खिडकीतून ऊन. खुर्चीत एक बाई बसली आहे. अंगात निळा स्वेटर, वरून दुसरं बटण नाही."

पुरुषाचा आवाज. सांगणाऱ्यांची बोलायची रीत तीच, चढ नाही उतार नाही, पण आवाज त्यांचा नव्हे. या आवाजाला वय नव्हतं. मला आधी वाटलं, थिएटरात दुसरा खेळ लागला असेल, त्यातली कुणी बाई असेल. तरी माझा हात आपोआप स्वेटरवर गेला. पहिलं बटण. मग रिकामं काज.

"कोण आहे?" मी विचारलं. आवाज थांबला.

मी थांबले. तो पुन्हा सुरू झाला.

"बाईच्या मागं कपाट. कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे एक माणूस उभा आहे. अनवाणी. श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून त्यानं तोंड उघडं ठेवलं आहे."

मी अंगावर काटा आला वगैरे म्हणणार नाही. मी मनात अंतर मोजलं, एवढं खरं. कपाट माझ्यापासून चार हातांवर. आणि त्या चार हातांवरून, आता लक्ष दिल्यावर, वास येत होता. टर्पेंटाइन.

मग सगळं एकदम जागेवर बसलं. "येतो बाई." आणि दार आपटलं. दार आपटल्याचा आवाज मी ऐकला होता. पावलं जिना उतरल्याचा आवाज... तो ऐकलाच नव्हता. दारातून कुणी येत नव्हतं, कारण कुणी गेलंच नव्हतं. मी झोपायची तेव्हा तो मोरीवरच्या पोटमाळ्यावर झोपायचा. माझाच पाव खायचा. मी बाहेर गेले की माझ्या खुर्चीत बसायचा. आणि आता मी मोठ्यानं सांगून बसले होते की उद्या पोटमाळा रिकामा होणार.

ओरडावं तर खालचं दुकान रविवारचं बंद. पळावं तर दार लांब, आणि माझ्या घरात माझ्यापेक्षा जास्त पळू शकणारा माणूस घरातच. मी उठले आणि रोज उठते तशीच पुटपुटत इस्त्रीच्या टेबलाकडे गेले. जायच्या आधी घड्याळवाल्यांची पँट तरी करून देते, म्हातारा तसाच हिंडेल नाहीतर. इस्त्रीचं बटण लावलं. इस्त्री तापायला लागली.

आणि तिथं मला एक गोष्ट कळली. मी बोलत असले की त्या माणसाला हलायला मिळायचं, माझ्या आवाजाखाली त्याची पावलं लपायची. मी गप्प झाले की तो जागच्या जागी थांबायचा. पण तो सांगणारा उलटा. मी बोलले की तो थांबायचा, मी गप्प झाले की सांगायचा. म्हणजे तो माणूस कुठं आहे हे कळायचं तर मला गप्प बसायला हवं, आणि इस्त्री तापेपर्यंत मी गप्पच राहिले तर त्याला संशय येणार.

मी पँटच्या घडीला शिव्या घातल्या आणि थांबले.

"माणूस पलंगापाशी आहे. पलंगावरची उशी त्यानं उचलली आहे."

मी धाकट्याच्या बायकोला चार शब्द सुनावले, बिचारी इथं नव्हतीच. थांबले.

"माणूस टेबलाच्या त्या बाजूला. उशी दोन्ही हातांत, छातीशी धरलेली. तो बाईच्या तोंडाकडे बघतो आहे."

मी बोट ओलं करून इस्त्रीला लावलं. चर्र झालं, पण अजून पुरेसं नव्हतं. मला ठाऊक असतं ते. धुलाईखान्यात आमची मुकादमीण म्हणायची की इस्त्रीला घाई कळत नाही. मी पँटवर पाणी शिंपडलं. माझ्या आवाजाला काय झालंय ते त्याला कळू नये म्हणून मी जास्तच मोठ्यानं बोलायला लागले, उद्या काय काय न्यायचं, चादरी किती, काठी कुठं ठेवू. बोलता बोलता मला वाटलं, इतका वेळ मी गप्प झाले नाही, तो कुठं पोचला असेल... आणि गप्प होण्याची हिंमत होईना. गप्प झाले आणि तो सांगणारा म्हणाला की तो तुझ्या मागंच उभा आहे, तर?

मी बोलतच राहिले.

आणि तेव्हा, माझ्या बोलण्याच्या मधोमध, तो बोलला. माझ्या शब्दावर त्यानं आपला शब्द टाकला. एकच.

"मागं."

मी वळले ती इस्त्री घेऊनच वळले. कुठं लागली ते दिसलं नाही, पण कसल्या आवाजानं ती थांबली ते कळलं, आणि वासही आला. तो किंचाळला नाही आधी. आधी नुसता श्वास आत ओढला. मग खुर्ची कोसळली. मी दुसऱ्यांदा फिरवली. तो दाराकडे धावला, दार उघडलं, आणि माझा दोरा तुटल्याचा बारीक आवाज मला त्या सगळ्या गोंधळात ऐकू आला. जिन्यात धाकटा भेटला त्याला. भांडण झालं म्हणून माझ्यामागून मनधरणी करायला येत होता. दोघं मिळून खालपर्यंत घरंगळले. धाकट्याचं मनगट मोडलं, पण त्यानं सोडलं नाही. लोक जमले, पोलीस आले.

पोटमाळ्यावर माझीच एक चादर निघाली, पावाचे कागद, रंगाचा डबा. पोलिसांनी विचारलं की बाई, तो मागं आहे हे तुम्हाला कळलं कसं? मी सांगितलं, वासावरून. खोटं नव्हतं तेही. धाकटा प्लास्टरमधला हात घेऊन माझ्यापुढं बसला. म्हणाला, "ताई, मीच पाठवला होता गं त्याला." मी म्हणाले, आणि जिन्यात धरलासही तूच. फिटलं. त्या घराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. मी माझ्या दोन खोल्यांमधेच आहे, आणि भाऊ आता माझ्याशी हळू बोलतो.

पुढच्या रविवारी पेटी घेऊन थिएटरात गेले आणि तडक काचेच्या खोलीत शिरले. सांगणाऱ्यांना म्हणाले, तुमच्याकडून जे कुणी माझ्यासाठी बोललं त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांना काही समजेना. त्या दुपारी दुसरा खेळ होता, ते सगळा वेळ याच खुर्चीत होते, आणि घड्याळवाले तो खेळ ऐकत बसले होते. त्यात खोली नव्हती, इस्त्री नव्हती, सगळा सिनेमा जहाजावरचा. शिवाय पेटी रस्त्यापर्यंतसुद्धा पोचत नाही, माझं घर तर कुठल्या कुठं. मी विचारलं, या खुर्चीत तुमच्या आधी कोण बसायचं? ते म्हणाले, कुणीच नाही. हे काम मीच सुरू केलं.

मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "सांगायचं तर दिसावं लागतं, बाई. तो जो कुणी होता... तो उभा कुठं होता?"

मला ते तोवर सुचलंच नव्हतं.

पेटी त्यांनी परत घेतली नाही. राहू दे म्हणाले, माझ्याकडे जास्तीची आहे. पण टेबलावर ठेवलेली ती पेटी माझ्याकडे सरकवताना त्यांनी तिला हात लावला नाही, टेकवून ठेवलेली माझी काठी घेऊन तिनं सरकवली. मला ऐकू आलं ते.

मला भीती वाटत नाही असं नाही. पण ज्यानं माझा जीव वाचवला, माझं डोकं ठिकाणावर आहे हे जगाला दाखवून दिलं, त्याला घाबरायचं म्हणजे कृतघ्नपणा. मी त्याला ठेवून घेतला. रोज संध्याकाळी इस्त्री करताना मी बटण कानात घालते आणि गप्प होते. आणि तो सांगतो. रोज तेच, तीनच वाक्यं. "खोली. एक बाई इस्त्री करते आहे. खोलीत दुसरं कोणी नाही." एवढं ऐकलं की मी म्हणते, बरं झालं बाबा, आणि सुखानं जेवून झोपते. इतकी शांत झोप मला डोळे होते तेव्हाही लागत नव्हती. देवाचे मानते तसे त्याचे आभार मानते, रोज, मोठ्यानं.

काल संध्याकाळी मी चादरी इस्त्रीला घेतल्या होत्या. बटण घातलं, गप्प झाले.

"खोली," तो म्हणाला. "एक बाई इस्त्री करते आहे. खोलीत दुसरं..."

आणि थांबला.

मी वाट पाहिली. इस्त्री उचलून धरली, कापडाचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही. रस्ता शांत होता. खालचं दुकान बंद झालं होतं. कानात खरखरही नव्हती, तो तिथंच होता. एखादा माणूस तोंड उघडून थांबलेला असतो ना, तसा होता. तो मधे थांबतो ते एकाच कारणानं. दुसरं कुणी बोलत असलं की.

मी तर तोंडातून शब्द काढला नव्हता.

बऱ्याच वेळानं, त्या दुसऱ्या कुणाचं बोलणं संपलं असावं, तो पुन्हा सुरू झाला, पहिल्यापासून. "खोली," तो म्हणाला. "एक बाई इस्त्री करते आहे. ती ऐकते आहे."

मी त्याचे आभार मानले. रोजच्यासारखे, मोठ्यानं. आणि इस्त्रीचं बटण मात्र बंद केलं नाही.